‘एकिस’, ‘होता’ आणि हिंजवडी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक जुना विद्यार्थी घरी भेटायला आला. पदवीच्या वर्गात भाषाविषय म्हणून त्याने मराठी घेतले होते. पुढे तो संगणकाकडे वळला आणि आता हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील एका कंपनीत नोकरी करतो. मूळचा मुळशी तालुक्यातलाच. कंपनीची काही कामे दक्षिण अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी चालतात, म्हणून संध्याकाळी तो स्पॅनिशच्या वर्गाला जातो. मुळाक्षरे संपून आठवडा झाला होता. चहा घेता घेता त्याने माझ्यापुढे वही सरकवली आणि विचारले, “सर, आमच्या हिंजवडीचं नाव रोमन लिपीत लिहिलं, तर स्पॅनिश माणूस ते कसं वाचेल?”

उत्तर त्याच्या वहीतच होते : ‘इनहाउआदी’. पहिला ‘एच’ उच्चारायचा नाही. ‘जे’चा उच्चार आपला ज नव्हे, तो ह आणि ख यांच्यामध्ये कुठेतरी, घशातून. ‘डब्ल्यू’ हे अक्षर त्या भाषेत पाहुणे, म्हणून त्याचा उच्चार ‘उ’च्या वळणाने जाणारा. आणि ‘डी’ म्हणजे आपला दंत्य द. त्याच्या वर्गात प्रत्येकाने आपापले आडनाव असे वाचून पाहिले होते. जोशींचे झाले ‘होसी’, हेगड्यांचे ‘एग्दे’, जाधवांचे ‘हादाब’. आम्ही दोघेही मनसोक्त हसलो. मग तो एकदम गंभीर होऊन म्हणाला, “पण सर, ‘एच’ म्हणायचाच नाही, तर लिहितात कशाला? आणि ‘जे’चा ह कुणी केला?”

शिक्षकाला असे प्रश्न आवडतात, पण त्यांची उत्तरे त्याच्यापाशी नेहमी तयार असतातच असे नाही. त्या दिवशी मी काहीतरी जुजबी सांगून वेळ मारून नेली. नंतर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की या प्रश्नाचा एक धागा स्पेनमध्ये असला तरी दुसरा गोव्यात आहे, आणि तिथून तो थेट मराठीच्या अभ्यासक्रमात, फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’पाशी येऊन पोहोचतो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. त्या भेटीत उठताना तो आणखी एक गोष्ट बोलला होता. तिच्याकडे शेवटी येतो.

१

स्पॅनिश शिकवणारा प्रत्येक शिक्षक पहिल्या तासाला एक आश्वासन देतो : ही भाषा जशी लिहितात तशीच बोलतात. इंग्रजीच्या स्पेलिंगांनी हैराण झालेल्या विद्यार्थ्याला हे ऐकून हायसे वाटते. हे आश्वासन जुने आहे. १४९२ साली अंतोनिओ दे नेब्रिहा या पंडिताने कॅस्टिलियन भाषेचे, म्हणजे आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिचे, व्याकरण लिहून राणी इसाबेलाला अर्पण केले. जसे उच्चारावे तसे लिहावे आणि जसे लिहावे तसे उच्चारावे, हे त्याचे सूत्र होते. ते त्याने रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन याच्याकडून घेतले होते. त्याच वर्षी जानेवारीत ग्रानादा पडले आणि ऑगस्टमध्ये कोलंबसाची जहाजे निघाली. भाषा ही साम्राज्याची सोबतीण असते, असे नेब्रिहाने त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बजावले होते. व्याकरण, विजय आणि प्रवास एकाच वर्षाच्या पोटात जन्माला यावेत, हा योगायोग पुढच्या कथेत वारंवार आठवावा लागतो.

पण उच्चार काही व्याकरणकाराच्या आज्ञेत राहत नाही. नेब्रिहाच्या काळी ‘एक्स’ या अक्षराचा उच्चार श असा होता. स्पॅनिशमध्ये या अक्षराचे नाव ‘एकिस’. ‘जे’ या अक्षराचा, ज्याचे नाव ‘होता’, उच्चार तेव्हा फ्रेंचमधल्यासारखा मऊ होता. मराठीत तो नेमका लिहिता येत नाही, झ आणि श यांच्या दरम्यानचा म्हणू या. सोळाव्या शतकात हे दोन्ही उच्चार एकमेकांत मिसळून श झाले, आणि सतराव्या शतकात हा श तोंडाच्या पुढच्या भागातून मागे सरकत सरकत घशात गेला. तोच आजचा ह-ख. लिहिताना मात्र काही शब्दांत ‘एकिस’ राहिले, काहींत ‘होता’ राहिले. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश राजअकादमीने १८१५च्या शुद्धलेखनात हा गोंधळ निस्तरला : घशातल्या या ध्वनीसाठी ‘एकिस’ बंद झाले. मेक्सिकोने मात्र आपल्या नावातले जुने ‘एकिस’ सोडले नाही. म्हणून त्या देशाचे लोक लिहितात ‘एक्स’ आणि म्हणतात ‘मेहिको’.

साहित्याच्या विद्यार्थ्याला याची खूण एका परिचित नावात सापडेल. १६०५ साली सर्व्हान्तेसच्या कादंबरीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हा नायकाच्या नावात ‘एक्स’ होते. आपण इंग्रजीवरून त्याला ‘डॉन क्विक्झोट’ म्हणतो; आजचा स्पॅनिश वाचक म्हणतो ‘दोन किहोते’. फ्रेंचांनी मात्र त्याला ‘किशोत’ केले आणि इटालियनांनी ‘किशोत्ते’. फ्रेंच आणि इटालियन लोक चुकले असे नव्हे. त्यांनी ते नाव जुन्या श-सकट उचलले आणि तसेच जपले. स्पेनमधला श पुढे निघून गेला. शेजारच्या घरी ठेवायला दिलेला तेवढा राहिला.

‘एच’चे, म्हणजे ‘आचे’चे, उत्तरही असेच आहे. लॅटिनमधला शब्दारंभीचा फ कॅस्टिलियनमध्ये अनेक शब्दांत ह झाला आणि नंतर तो ह-ही विरून गेला. लॅटिन ‘फिलिउस’ म्हणजे मुलगा. त्याचा आजचा स्पॅनिश उच्चार ‘इहो’. लिहिताना पुढे ‘आचे’ आहेच. भट्टीला पोर्तुगीज ‘फोर्नु’ म्हणतात, स्पॅनिश ‘ओर्नो’. तिथेही ‘आचे’ मुकाट उभे आहे. जिथे घर होते तिथे जोते उरावे, तसे हे अक्षर. आमच्या प्राकृताच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. ‘दधि’चे ‘दही’ झाले, ‘गभीर’चे ‘गहिरा’ झाले. महाप्राण व्यंजनाचा ह उरला. आणि बोलीत तर ‘नाही’चे ‘नाय’ होऊन तो ह-ही गेला. आपण तो लेखनात ठेवतो, कारण लेखन नेहमी बोलण्याच्या एक पिढी मागून चालते. कधी कधी पाच शतके मागून.

२

आता गोव्याकडे वळू. ६ मे १५४२ रोजी गोव्याच्या बंदरात उतरलेल्या एका धर्मोपदेशकाचे नाव तीन तऱ्हांनी घेतले जाते. मुंबईचे कॉलेज ‘झेवियर’. हा इंग्रजी उच्चार. गोव्यात तो ‘शावियेर’, आणि ३ डिसेंबरचे फेस्त त्याचे. आजच्या स्पेनमध्ये तो ‘हाविएर’; लिहितात ‘होता’ने. नाव एकच, माणूस एकच. कोणता उच्चार बरोबर?

फ्रान्सिस्कोचा जन्म १५०६ साली नवार प्रांतातल्या एका गढीत झाला, आणि गढीचेच नाव त्याला लागले. हा मुलूख बास्क भाषेचा. ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवे. ‘एचेबेरी’ झिजून गढीचे नाव झाले. आपल्याकडच्या ‘नवघर’ किंवा ‘नवेगाव’ या ग्रामनामांची आठवण व्हावी असे हे साधे नाव. त्या काळच्या लेखनात ‘एक्स’ आणि उच्चारात श. पोर्तुगीजांच्या भाषेत ‘एक्स’चा उच्चार श असा होता आणि अजूनही आहे; म्हणून गोव्यात आलेला ‘शावियेर’ शावियेरच राहिला. स्पेनमध्ये श घशात गेला, तसा तो ‘हाविएर’ झाला. इंग्रजांनी अक्षर पाहिले, ध्वनी ऐकला नाही. त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे ‘झेवियर’ केले. म्हणजे त्या माणसाला घरी जी हाक ऐकू येत असेल, तिच्या जवळ जाणारा उच्चार आज स्पेनमध्ये नसून गोव्यात आहे. बरोबर उच्चाराचा हक्क मूळ मालकाकडेच असतो, ही आपली समजूत इथे जरा डळमळते.

शावियेरच्या निधनानंतर चार वर्षांनी, १५५६च्या सप्टेंबरात, गोव्यात छापखाना उतरला. तो जायचा होता अबिसिनियाला; काही कारणांनी गोव्यातच राहिला आणि भारतातले मुद्रण सुरू झाले. त्याच्याबरोबर आलेला मुद्रक हुआन दे बुस्तामांते हा जेझुइट स्पॅनिशच होता. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय मुद्रणाच्या इतिहासात ही सारी हकीकत साधार मांडली आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने ती मुळातून वाचावी.

या छापखान्यांपाशी अक्षराचा खरा पेच उभा राहिला. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने इथली भाषा आत्मसात करून सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. ते छापायचे कशात? स्टीफन्सची इच्छा देशी अक्षरांत छापण्याची होती. १६०८ साली त्याने रोमला आपल्या वरिष्ठांकडे तशी परवानगी मागितली. आपल्या जोडाक्षरांच्या आणि काना-मात्रांच्या लिपीला सहाशे साचे लागतात, ही मोठी अडचण. पण ते दोनशेंवर आणता येतील असा हिशेबही त्याने त्या पत्रात मांडला होता. ते घडून आले नाही. १६१६ साली रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत, पोर्तुगीज वळणाने. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपण शाळेपासून देवनागरीत वाचत आलो आहोत. त्या प्रथम छापल्या गेल्या तेव्हा त्यांत मराठीचे एकही अक्षर नव्हते, ही गोष्ट वर्गात सांगितली की विद्यार्थी अजूनही चमकतात. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे मंगळूरला १९०७ साली निघालेली आवृत्तीही रोमन लिपीतच होती. देवनागरीतला ग्रंथ हाती पडायला शांताराम बंडेलूंच्या १९५६च्या पुण्यातल्या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली.

पंचवीसेक अक्षरांत मराठीचे ध्वनी बसवणे म्हणजे लहान ट्रंकेत लग्नघरचे सामान भरण्यासारखे. स्टीफन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी युक्ती केली. मूर्धन्य ध्वनींसाठी अक्षर दुहेरी लिहायचे : दोन ‘टी’ म्हणजे ट, दोन ‘डी’ म्हणजे ड, दोन ‘एन’ म्हणजे ण, दोन ‘एल’ म्हणजे ळ. एकेरी ‘टी’ म्हणजे त. महाप्राणासाठी पुढे ‘एच’ जोडायचा. पोर्तुगीजमध्ये मुके असलेले अक्षर इथे कामाला लागले. श साठी अर्थातच ‘एक्स’. या अनुभवातून स्टीफन्सने लिहिलेले तिथल्या भाषेचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूरलाच छापले गेले. हिंजवडीच्या विद्यार्थ्याच्या वहीत डावीकडे रोमन अक्षर आणि उजवीकडे देवनागरी उच्चार असे दोन रकाने होते. स्टीफन्सच्या वहीतही असेच दोन रकाने असतील. फक्त त्यांची दिशा उलटी.

या व्यवस्थेचे अवशेष गोव्याच्या रस्त्यावरच्या पाट्यांवर आजही दिसतात. ‘केपें’ हे गाव रोमन लिपीत ‘क्यू-यू’ने सुरू होते आणि ‘एम’ने संपते. पुण्याहून गेलेले पर्यटक ते ‘क्वेपेम’ वाचतात. साखळीचे ते ‘सँक्वेलिम’ करतात आणि शाकुतीचे ‘झॅकुटी’. स्पॅनिशचा पहिला धडा झालेल्याला मात्र हे सोपे जावे. ‘ई’ किंवा ‘आय’च्या आधी ‘क्यू-यू’ आले की ‘यू’ मुका आणि उच्चार निव्वळ क, हा नियम दोन्ही भाषांत समान आहे. अंत्य ‘एम’ म्हणजे म नव्हे, अनुनासिक. पोर्तुगीज लेखनाची ती खूण आहे. गोव्याची पाटी वाचायला स्पॅनिशचा धडा उपयोगी पडावा, हे शेजाऱ्याच्या घरी परगावच्या पाहुण्याची ओळख निघण्यासारखे आहे.

या अक्षरांच्या मागे सत्ता होती, हे विसरून चालणार नाही. १६८४ साली व्हाइसरॉय काउंट द आल्व्होर याने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम काढला. ज्या भाषेत पुराणे छापली तीच बंद करण्याचा हा हुकूम. नेब्रिहाची साम्राज्याची सोबतीण ती हीच. आणि तरीही लोकांनी तीच परकी लिपी पुढे आपली करून घेतली. तीत प्रार्थना लिहिल्या, नाटके लिहिली, वर्तमानपत्रे काढली. १९८७च्या गोव्याच्या राजभाषा कायद्याने देवनागरीतल्या कोंकणीला मान्यता दिली, तेव्हा रोमी लिपीत लिहिणाऱ्यांना आपण घराबाहेर राहिलो असे वाटले, आणि ती खंत अजून शमलेली नाही. लादलेली लिपीही तीन-चार पिढ्यांत आईच्या हस्ताक्षराची होते. तिच्याविषयी बोलताना आपण महाराष्ट्रातल्यांनी जरा जपून बोलावे असे मला वाटते.

३

आपल्या घरातही या प्रवासाच्या खुणा पडल्या आहेत. ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीजांचा. लॅटिनमध्ये किल्लीला ‘क्लाविस’ म्हणत. शब्दारंभीच्या ‘क्ल’चा स्पॅनिशमध्ये दुहेरी ‘एल’ झाला आणि पोर्तुगीजमध्ये च. म्हणून स्पॅनिशमध्ये किल्ली म्हणजे ‘यावे’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘चावे’. हाच नियम ज्वालेला लागतो : लॅटिन ‘फ्लामा’, स्पॅनिश ‘यामा’, पोर्तुगीज ‘चामा’. गंमत पुढे आहे. लिस्बनमध्ये या च-चा नंतर श झाला. आज तिथे चावीला ‘शाव’सारखे काहीतरी म्हणतात. च टिकला तो उत्तर पोर्तुगालच्या काही खेड्यांत आणि आपल्या मराठी घरांत. ज्या पिढीने तो शब्द कोकण किनाऱ्यावर आणला, तिचा उच्चार आपण जपून ठेवला आहे, आणि तो आपल्याला ठाऊकही नाही. ‘इस्पितळ’ पाहा; त्यातला मूळ ‘एच’ आपल्या कानाला ऐकूच आला नाही, कारण देणाऱ्याने तो उच्चारलाच नव्हता. हिंजवडीच्या वर्गात ‘आचे’ मुके असते हे सांगायला शिक्षकाला उदाहरण हवे असेल, तर आपल्या आजीच्या तोंडचा हा शब्द घ्यावा.

स्पॅनिशच्या निमित्ताने मराठीकडे पुन्हा पाहिले, तर आणखी एक भ्रम दूर होतो. देवनागरी संपूर्ण उच्चारानुसारी आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. मग ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च वेगळे का? ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ एक आहे काय? लिपीत भेद नाही, तोंडात आहे. उलट श आणि ष यांत लिपीने भेद ठेवला, तो आज बहुतेकांच्या तोंडात नाही. नेमकी हीच गत स्पॅनिशमधल्या ‘बी’ आणि ‘व्ही’ची. दोन्हींचा उच्चार एकच, म्हणून ‘विनायक’ तिथे ‘बिनायाक’ होतो. पण लिहिताना लॅटिन मुळाची आठवण म्हणून दोन अक्षरे ठेवली आहेत. तिथली मुलेही शुद्धलेखनात इथेच चुकतात. आमच्या मुलांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी पंचवीस वर्षे लाल शाईने दाखवत आलो. मोडीत शतकानुशतके हा भेद न पाळता राज्यकारभार चालला, हे त्यांना सांगायचे मात्र राहून गेले.

शुद्धलेखन सुधारण्याची भांडणेही तिकडे आपल्यासारखीच झाली. १८२३ साली आंद्रेस बेल्यो या व्हेनेझुएलाच्या विद्वानाने लंडनमध्ये बसून एका सहकाऱ्यासह स्पॅनिश लेखन सोपे करण्याची योजना मांडली. चिले देशाने १८४४ साली तिच्या धर्तीवरची सुधारणा स्वीकारली आणि १९२७ साली ती सोडून पुन्हा माद्रिदची वाट धरली. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे लेखनविषयक नियम आणि त्यांतून गेलेले अनुच्चारित अनुस्वार ज्यांनी पाहिले, त्यांना ही हकीकत ओळखीची वाटेल. ‘च’ आणि दुहेरी ‘एल’ ही स्पॅनिशमध्ये स्वतंत्र अक्षरे मानली जात. १९९४मध्ये कोशातली त्यांची वेगळी जागा गेली आणि २०१०च्या शुद्धलेखनाने त्यांना वर्णमालेतूनही काढले. आता अक्षरे सत्तावीस. पण ‘एन्ये’ला कुणी हात लावू शकले नाही. डोक्यावर लहरीसारखी रेघ असलेला हा ‘एन’ म्हणजे मुळात दोन ‘एन’ लिहिण्याची जागा वाचवणाऱ्या लेखनिकांची खूण. १९९१ साली युरोपीय समुदायाने स्पेनमधल्या टंकफलकांवर ‘एन्ये’ सक्तीचे करणारा नियम व्यापारात अडथळा ठरवला, तेव्हा तिथल्या लेखकांनी आणि अकादमीने आवाज उठवला. १९९३ साली राजाज्ञेने ‘एन्ये’ला संरक्षण मिळाले. या अक्षराचा उच्चार आपल्या वर्णमालेत तयार आहे. तो आहे ञ. आपण तो पाठ करतो आणि वापरत मात्र नाही. जे ‘एन्ये’ने केले ते आपल्या ळ-साठी करण्याची वेळ आली, तर आपण किती जण उभे राहू? ‘ॲ’ या स्वतंत्र अक्षराला युनिकोडमध्ये जागा मिळायला २००८ साल उजाडले, आणि तोवर आपल्यापैकी अनेकांना ती जागा नाही याचा पत्ताही नव्हता.

४

त्या विद्यार्थ्याने जाताना सांगितलेली गोष्ट आता सांगतो. वर्गात स्पॅनिश ‘टी’ आणि ‘डी’ यांचे उच्चार सगळ्यांना अवघड गेले. खरे तर ते निव्वळ त आणि द. मराठी मुलाला जन्मजात अवगत. परंतु इंग्रजी शाळेने ‘टी’ म्हणजे ट आणि ‘डी’ म्हणजे ड असे बिंबवलेले, त्यामुळे सारा वर्ग ‘टॅको’ म्हणत होता. मेक्सिकोत तो ‘ताको’ असतो. मराठीतून स्पॅनिशकडे जाणारी वाट सरळ होती. आम्ही इंग्रजीच्या नाक्याला वळसा घालून गेलो. मग शिक्षिकेने सांगितले, की स्पॅनिश माणसाला शब्दाच्या आरंभी ‘स्प’, ‘स्ट’, ‘स्क’ म्हणता येत नाही. तो आधी ए लावतो. म्हणून शाळा ‘एस्कुएला’, स्थानक ‘एस्तासिओन’, आणि खुद्द भाषेचे नाव ‘एस्पान्योल’.

“सर,” तो म्हणाला, “माझा बाप अजून ‘इस्टेशन’ म्हणतो. मी पाचवीत ‘इस्कूल’ म्हणालो तर अख्खा वर्ग हसला होता. बाई पण हसल्या. त्या दिवशी मला वाटलं, आपण तोंडच उघडू नये. आता त्याच चुकीसाठी मी फी भरतो, आणि तिला उच्चार म्हणतात.”

तो हसत बोलला. मला हसू आले नाही. त्या बाईंच्या जागी मी होतो असे नाही. पण त्या रांगेत मीही उभा आहे. उत्तरपत्रिकेत ‘इस्टेशन’ आले की त्याखाली रेघ ओढताना मी कधी थांबलो नाही. तोंडी परीक्षेत एखाद्याने ‘हाय’ म्हटले की माझ्या भुवया उंचावल्या आहेत. ज्या स्वरागमाला मी भाषाविज्ञानाच्या तासाला नियम म्हणून शिकवतो, त्यालाच पुढच्या तासाला अशुद्ध म्हणतो. स्पॅनिशमध्ये तो नियम आहे, कारण त्याच्या मागे अकादमी, कोश, वीस देशांचे शासन आणि हिंजवडीतली नोकरी उभी आहे. मुळशीच्या शेतकऱ्याच्या ‘इस्टेशन’मागे कुणी उभे नाही. दोन्ही उच्चारांची भाषिक कारणे सारखीच आहेत. फरक पडला तो प्रतिष्ठेत.

याचा अर्थ प्रमाणभाषा शिकवू नये, असा मी काढत नाही. स्पॅनिशच्या वर्गातही एक प्रमाण लागतेच. पण तिथला शिक्षक पहिल्याच आठवड्यात सांगतो, की ‘सेता’ हे अक्षर माद्रिदमध्ये जीभ दातांमध्ये आणून उच्चारतात आणि अमेरिका खंडात सरळ स म्हणतात. दोन्ही मान्य आहेत, एक धरा आणि दुसरे समजून घ्या. सेव्हिलच्या बाजूच्या खलाशांनी आणि वसाहतकऱ्यांनी तो स समुद्रापार नेला, आणि आज बहुसंख्य स्पॅनिश भाषक तोच बोलतात. आम्ही मराठीच्या प्राध्यापकांनी पहिल्या आठवड्यात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणीबद्दल असे काही म्हटल्याचे मला आठवत नाही. म्हटले असेल तर ते ‘बोलीभाषा’ या प्रकरणात, वर्षाच्या शेवटी, प्रश्न येण्याची शक्यता कमी असते तेव्हा.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात १९२२ साली स्पेनहून एक जेझुइट इतिहासकार आले. बार्सिलोनाचे हे फादर हेरास. त्यांनी तिथे इतिहास संशोधन संस्था उभी केली आणि १९५५ साली मृत्यू येईपर्यंत या देशात काम केले; सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरची लिपी वाचण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. स्पॅनिश रीतीने त्यांच्या नावाचा उच्चार ‘एरास’. आपण तो ‘हेरास’ केला आणि मुका ‘एच’ बोलका झाला. त्यांनी तो दुरुस्त करण्याचा हट्ट धरल्याचे माझ्या वाचनात नाही. ज्या माणसाला अक्षरांच्या आतले हरवलेले आवाज शोधायचे असतात, तो स्वतःच्या नावावर फुकट मिळालेल्या एका ध्वनीबद्दल कशाला तक्रार करील?

विद्यार्थ्याला मी हे सारे पत्राने कळवले. “‘जे’चा ह कुणी केला?” या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहिले : बोलणाऱ्यांनी केला, आणि लिहिणाऱ्यांनी दोनशे वर्षांनी कबूल केला. खाली आणखी एक ओळ लिहिली, की पुढच्या वेळी वडिलांना घेऊन ये. इस्टेशनावर उतरवून घ्यायला मी येईन.